अंतराळ वसाहतीत खाण्यासाठी मासे पाळायचे म्हटलं तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शेडमधल्या टाक्यांत चिलापी (तिलापिया) मासे वाढवतो आणि अधूनमधून नव्या लोकांना ते काम शिकवतो. बॅचमधली मंडळी आधी खर्च विचारतात, मग अनुदान, मग बाजारभाव. आणि दर वेळी मागच्या रांगेतून एखादा पोरगा हात वर करतोच, "सर, हे चंद्रावर जमेल का?" सुरुवातीला मी हसून सोडून द्यायचो. मग वाचायला लागलो, तेव्हा कळलं की प्रश्न मुळीच खुळा नाही. बंद जागेत, तेच तेच पाणी फिरवून मासे वाढवायचे, हे तर माझं रोजचं काम. फरक एवढाच की माझ्या शेडला दार आहे आणि दाराबाहेर हवा फुकट आहे.

याचा कुणी गंभीरपणे विचार केलाय, की नुसत्या गप्पा आहेत?

केलाय, आणि पन्नास वर्षांपूर्वीच. प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी १९७४ मध्ये अंतराळ वसाहतींची कल्पना आकडेमोडीसह मांडली. पुढच्याच उन्हाळ्यात नासाच्या एम्स केंद्राने आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाने मिळून एका वसाहतीचा आराखडा केला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, मिनिटाला एक फेरा घेणारं चाक आणि त्यात १०,००० माणसं. त्यांच्या जेवणासाठी कोंबड्या, ससे आणि थोड्या गाईही धरल्या होत्या, पण संख्येने सगळ्यात जास्त होते मासे, २ लाख ६० हजार. माणशी सव्वीस.

हल्लीचं बोलायचं तर फ्रान्सच्या इफ्रेमेर या समुद्रसंशोधन संस्थेतले सिरिल प्रझिबिला चंद्रावर माशाची अंडी पाठवायच्या कामामागे लागले आहेत. त्याबद्दल पुढे येईलच.

आजवर कुठले मासे अंतराळात गेले?

खायला म्हणून एकही नाही. गेले ते सगळे प्रयोगासाठी, आणि बहुतेक लहानच.

पहिला मान अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाजणात सापडणाऱ्या ममीचॉग या चिवट माशाचा. १९७३ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळ स्थानकावर त्याची दोन पिल्लं आणि पन्नास अंडी नेली होती. १९९४ च्या जुलैत अमेरिकेच्या कोलंबिया या स्पेस शटलमधून चार जपानी मेडाका मासे गेले. त्यांनी वर जोडी जमवली, ४३ अंडी घातली आणि त्यांतून आठ पिल्लं तिथेच बाहेर आली. अंतराळात मीलन करणारा पहिला कणाधारी प्राणी म्हणून या मेडाकाचं नाव लागलं. १९९८ मध्ये जर्मनांनी एका छोट्या बंद पेटीत स्वोर्डटेल मासे, गोगलगाई आणि एक पाणवनस्पती एकत्र ठेवून दोन शटल उड्डाणांत पाठवली. २०१२ पासून अंतराळ स्थानकाच्या जपानी कक्षात खास मत्स्यटाकी होती. २०२४ मध्ये चीनने आपल्या स्थानकावर चार झेब्राफिश आणि तीच पाणवनस्पती नेली. ते मासे ४३ दिवस जगले आणि त्यांनी अंडीही घातली.

वजन नसलेल्या जागी मासा पोहतो तरी कसा? तो तर तसाही पाण्यात तरंगतच असतो ना?

असंच सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. पण पाण्यात तरंगणाऱ्या माशालाही खाली कुठे आणि वर कुठे हे कळत असतं, कारण त्याच्या कानात बारीक खडे असतात. मोठ्या घोळीचं किंवा ढोम्याचं डोकं फोडलं की जे पांढरे खडे हाताला लागतात, तेच हे. गुरुत्वाकर्षण त्या खड्यांना खाली ओढतं आणि माशाला तोल कळतो. दुसरी खूण उजेडाची, म्हणजे उजेडाकडे पाठ ठेवायची. वजन गेलं की खडे गप्प होतात आणि नुसता उजेड उरतो. मग मासा गोल गोल कोलांट्या मारतो. स्कायलॅबवरच्या दोन पिल्लांनी आधी हेच केलं, चीनच्या झेब्राफिशनीही केलं.

यातली गंमत अशी की स्कायलॅबवर अंड्यांतून जी पिल्लं बाहेर आली, ती पहिल्यापासून जवळजवळ सरळ पोहत होती. त्यांना गुरुत्वाकर्षण माहीतच नव्हतं, त्यामुळे ती उजेडावरच विसंबली. जपानच्या प्रयोगातही टोकियो विद्यापीठाच्या केनिची इजिरींनी आधी विमानाच्या चढउतार उड्डाणांत तपासून, कोलांट्या न मारणारं मेडाकाचं वाण निवडलं होतं.

तेव्हा मासा जुळवून घेतो. पाणी जुळवून घेत नाही, आणि खरी अडचण तिथे आहे. एरेटरचा, म्हणजे पाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्राचा, दगड टाकीच्या तळाशी ठेवला की बुडबुडे वर येतात, कारण पाण्याला वजन असतं. ते नसलं तर बुडबुडा जिथे सुटला तिथेच लटकून राहतो, शेजारच्याला चिकटतो आणि टाकीत हवेचा गोळा तयार होतो. विष्ठा तळाला बसत नाही. पाण्याला पृष्ठभागच राहत नाही. जपानी टाकीत म्हणून बुडबुडे नव्हतेच. पोकळ तंतूंच्या पडद्यातून पाणी नेऊन त्यात ऑक्सिजन मिसळला जायचा, शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात त्या कृत्रिम फुफ्फुसासारखा. दहा लिटरला हे ठीक आहे, दहा हजार लिटरला मी करणार नाही.

आणखी एक भानगड पोटातल्या हवेच्या पिशवीची. पालघर-वसईकडे घोळीच्या ज्या बोतासाठी व्यापारी बोली लावतात, तीच ही पिशवी. सी-बाससारख्या कितीतरी माशांच्या पिल्लांना सुरुवातीच्या दिवसांत पाण्यावर येऊन हवेचा एक घोट घ्यावाच लागतो, तरच ही पिशवी फुगते. हॅचरीत पाण्यावर तेलाचा पातळ तवंग आला तरी पिल्लांना हवा घेता येत नाही आणि पुढे ती वाकडी होतात. जिथे पाण्यावर असं काही नाहीच, तिथे पिल्लाने जायचं कुठे?

म्हणजे गुरुत्वाकर्षण हवंच?

मोठ्या प्रमाणावर करायचं तर हवंच, पण पूर्ण नको. दोन मार्ग आहेत.

एक, फिरतं चाक. मिनिटाला एक फेरा घेऊन पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर चाकाची त्रिज्या जवळजवळ ९०० मीटर लागते. दोन फेरे घेतले तर सव्वादोनशे मीटरला भागतं. अशा चाकातल्या टाकीतलं पाणी सपाट नसतं, ते चाकाच्या गोलाईचा बाक घेतं. मी हिशेब करून पाहिला. त्या स्टॅनफर्ड आराखड्यातल्या चाकात पाच मीटर रुंद टाकी ठेवली, तर मध्यभागी पाणी काठापेक्षा जेमतेम चार मिलिमीटर खाली असेल. माशाला पत्ताही लागणार नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सरळ चंद्र किंवा मंगळ. चंद्रावर वजन एक षष्ठांश. मासा पाण्यात तसाच तरंगेल, कारण त्याचं आणि पाण्याचं वजन सारख्याच प्रमाणात घटतं. सहा मीटर खोल टाकीच्या तळाशी पाण्याचा दाब आपल्याकडच्या एक मीटरइतका, त्यामुळे टाकीच्या भिंती पातळ चालतील. बुडबुडे सावकाश वर येतील, म्हणजे पाण्यात ऑक्सिजन मिसळायला जास्त वेळ मिळेल. तोट्याची बाजू अशी की बारीक विष्ठाही सहापट सावकाश खाली बसेल. गाळ बसवून पाणी निवळायच्या आपल्या टाक्या तिथे कामाच्या नाहीत, बारीक जाळीच्या फिरत्या ड्रममधूनच पाणी गाळावं लागेल.

पण मासाच का? कोंबडी का नाही?

मासा थंड रक्ताचा. अंग गरम ठेवायला तो काही खर्च करत नाही, आणि पाणी तोलून धरत असल्याने उभं राहायलाही नाही. दीड ते पावणेदोन किलो खाद्यात चिलापी एक किलो वाढते. कोंबडीही जवळपास त्याच हिशेबात बसते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. गाय मात्र यात कुठेच बसत नाही. पण कोंबडीची पिसं, धूळ आणि वास बंद हवेत मिसळतात. माशाची घाण पाण्यात राहते आणि पाणी गाळता येतं. मला हा मुद्दा खाद्याच्या हिशेबापेक्षा मोठा वाटतो.

याची एक तालीम पृथ्वीवर झालेली आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या बायोस्फिअर-२ या काचेच्या सीलबंद इमारतीत १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ माणसं राहिली. त्यांनी भातखाचरं केली, खाचरांत ॲझोला ही पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती सोडली आणि त्यातच चिलापी. बकऱ्या दुधासाठी होत्या. डुकरंही होती, पण ती माणसांच्याच वाट्याचं खायला लागली म्हणून लवकरच ताटात आली.

मग कुठला मासा न्यायचा?

इथे माझी मतं ठाम आहेत, वाद घालायला या.

आपला रोहू-कटला नको. चवीला माझं काहीच म्हणणं नाही. पण हे नदीचे मासे. पावसाळ्यात पूर आला, पाणी गढूळ होऊन धावायला लागलं की मगच अंडी सोडतात. साठलेल्या पाण्यात वर्षानुवर्षं राहतील, मोठे होतील, पण पोरं देणार नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना अंडी घालायला लावलं, तेव्हा कुठे देशातलं मत्स्यबीज नद्यांच्या तावडीतून सुटलं. १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो तो त्यामुळेच. चंद्रावर ना पाऊस, ना पूर. म्हणजे दर हंगामाला इंजेक्शन आलं, आणि ते पृथ्वीवरून मागवायचं. शिवाय हे मासे टाकीत दाटीने राहत नाहीत.

चिलापी याच्या नेमकी उलट. इंजेक्शन नको, पूर नको, काही नको. तीन-चार महिन्यांची झाली की मादी अंडी तोंडात धरून बसते. पिल्लं पोहायला लागली तरी धोका दिसताच ती परत आईच्या तोंडात पळतात. मी टाकीजवळ जाऊन हात नुसता हलवला की पिल्लांचा ढग एका क्षणात गायब होतो आणि मादी गाल फुगवून माझ्याकडे बघत राहते. काय दोष असेल तर हाच, की ती थांबत नाही. टाकीत पोरंच पोरं होतात, खाद्य वाटलं जातं आणि कुणीच पावशेराच्या वर जात नाही. उजनीत तिने काय केलं ते भिगवणच्या कोळ्यांना विचारा. म्हणून सगळे नर वाढवायचे. त्यासाठी पिल्लांना हार्मोनचं खाद्य देतात, किंवा ज्यांची पोरं नरच होतील असे खास नर वापरतात. वसाहतीत दुसरी वाट बरी. बंद पाण्यात हार्मोन फिरत राहणं मला पटत नाही.

तिसरा उमेदवार ऐकून लोक दचकतात : थाय मांगूर. हो, तोच, जो पाळायला भारतात बंदी आहे. तो हवेतून श्वास घेऊ शकतो, प्रचंड दाटीत राहतो, जवळपास काहीही खातो. बंदी आहे कारण तो नदीत निसटला की इथले मासे फस्त करतो. चंद्रावर निसटून जाणार कुठे? आपल्या मरळ, शिंगी आणि देशी मागूरमध्येही हवा घेण्याचा हा गुण आहे. तो किती मोलाचा, ते लाइटच्या प्रश्नात कळेल.

शंभर माणसांना किती मासे आणि किती पाणी लागेल?

चला, पाठीमागच्या कागदावर करू. माणशी आठवड्यातून तीनदा दीडशे ग्रॅम, काटे काढलेला मासा. शंभर जणांचे आठवड्याला ४५ किलो, दिवसाला साधारण साडेसहा. चिलापीचा काटे काढलेला तुकडा जिवंत वजनाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडाच जास्त पडतो, तेव्हा रोज अठरा-साडेअठरा किलो मासा काढावा लागेल. त्यासाठी रोज अंदाजे २८ किलो खाद्य. मासा सहा महिन्यांत तयार होतो असं धरलं, तर लहानमोठे मिळून कायम तेराशे किलो मासे टाक्यांत असणार. घनमीटरला ५० किलो या दाटीने सव्वीस हजार लिटर पाणी. गाळण्या, पिल्लांच्या टाक्या वगैरे धरून चाळीस हजार लिटर म्हणा.

आकडा ऐकून लोक म्हणतात, एवढंच? एवढंच. पण पुढचा आकडा बघा. एका माणसाला दिवसाला ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. या माशांना किलोभर खाद्यामागे अर्धा किलो धरला तर रोज १४ किलो लागेल. म्हणजे शंभर माणसांच्या वसाहतीत आणखी सोळा-सतरा माणसं श्वास घेतायत. पाणी साफ करणारे जिवाणू वरून चार किलो घेणार, ती आणखी पाच माणसं. मासेवाल्याने मुख्य इंजिनिअरला भेटायला जाताना हा कागद खिशात ठेवावा.

आणि एक सांगतो. हा हिशेब काटे काढून खाणाऱ्यांचा आहे. वसाहतीत कोकणातली किंवा बंगालची माणसं जास्त असली, डोकं-कणा कालवणात गेला, तर तेवढ्याच माशात बरीच जास्त ताटं वाढता येतील.

एवढं पाणी वर न्यायचं?

चाळीस हजार लिटर म्हणजे चाळीस टन, पृथ्वीवरून नेणं परवडणारच नाही. चंद्राच्या ध्रुवांजवळ कायम सावलीत असलेल्या खड्ड्यांमध्ये बर्फ आहे. चंद्रावर पाण्याच्या खुणा असल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं, त्यात आपल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणाचा मोठा वाटा होता. एकदा पाणी भरलं की ते संपत नाही, फिरत राहतं. अंतराळ स्थानकावर २०२३ पर्यंत ९८ टक्के पाणी परत मिळवण्याची मजल गाठली आहे, लघवी आणि घाम धरून. शिवाय पाणी किरणोत्सारापासून आडोसा देतं. टाक्या माणसांच्या खोल्यांभोवती आणि छतावर ठेवल्या तर दोन कामं होतात. माशांना विचारून नव्हे, अर्थात.

माशांच्या घाणीचं काय?

यातच सगळा धंदा आहे. आमच्यात म्हणतात, मासा नाही, पाणी पाळायचं.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. ३५ टक्के प्रथिनांचं खाद्य किलोभर टाकलं की साधारण ३२ ग्रॅम अमोनियातलं नायट्रोजन पाण्यात येतं. वरच्या हिशेबाने रोज जवळजवळ ९०० ग्रॅम. हे तसंच राहिलं तर दोन दिवसांत टाकी मेली. जिवाणूंची एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट माशाला फारसं बाधत नाही आणि झाडांना ते खत. हे जिवाणू प्लास्टिकच्या चकत्यांवर चिकटून राहतात. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, कितीही घाई केलीत तरी. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो, टाकी भरली की आठवड्यात मासे सोडतो. नायट्राइट चढलं की माशाचं रक्त तपकिरी पडतं, कल्ला उचलून बघितला तर कॉफीसारखा दिसतो. मी पहिल्या वर्षी पाहिलाय.

नायट्रेट भाजीला द्यायचं. व्हर्जिन आयलंड्सच्या विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी वर्षानुवर्षं मोजून काढलेलं प्रमाण असं : तरंगत्या तराफ्यांवरच्या पालेभाजीच्या दर चौरस मीटरमागे रोज ६० ते १०० ग्रॅम मासळीखाद्य. आपल्या २८ किलोंना त्यामुळे २८० ते ४७० चौरस मीटर, म्हणजे तीन ते साडेचार गुंठे भाजी लागेल. माणसांना ती हवीच आहे.

लाइट गेली तर?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा पाजतो.

दाट टाकीत मासे तासाला दर लिटरमागे १५ मिलिग्रॅम ऑक्सिजन ओढू शकतात. पाण्यात मुळात असतात सहा-सात. ब्लोअर बंद पडल्यापासून पंधरा-वीस मिनिटं, एवढाच वेळ हातात असतो. माझ्याकडे मे महिन्यातल्या एका वळवाच्या रात्री गेली. इन्व्हर्टर होता, पण बॅटरीत पाणी घालायचं मीच दोन महिने विसरलो होतो. तीनच्या सुमारास जाग आली ती आवाजाने नाही, आवाज थांबल्याने. शेडमध्ये टॉर्च मारला तर सगळी टाकी वर आलेली, हजारभर तोंडं एका वेळी उघडतायत-मिटतायत, आणि त्याचा असा पुटपुटल्यासारखा आवाज. बादलीने पाणी उपसून उंचावरून परत ओतत राहिलो, बायको आणि पोरगाही लागले. तरी सकाळी दोनशेच्या वर मासे उताणे होते, आणि गेले ते सगळे मोठे, विकायला झालेले. मोठ्यांना हवा जास्त लागते.

वसाहतीत बादली मारून भागणार नाही. तिथे दाबाखालचा ऑक्सिजन, वीज गेली की आपोआप उघडणाऱ्या झडपेवर, टाकीगणिक हवा. आणि हवा घेणारा मासा ठेवला तर वीस मिनिटांचे काही तास होतात. मांगूर-मरळचं नाव मी उगाच काढलं नव्हतं.

ऑक्सिजन असा अचानकच जातो असं नाही. बायोस्फिअर-२ मध्ये तो सोळा महिन्यांत २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला, कारण मातीतले जिवाणू तो खात होते आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत होता. शेवटी १९९३ च्या जानेवारीत बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. माझ्यासारख्या माणसाला यात एकच दिसतं : जिवाणू मोजायचे राहिले.

खाद्य कुठून आणायचं?

समुद्रातल्या मासळीच्या कुट्यावर चाललेलं खाद्य तिथे नाही. माणूस जे खात नाही ते आधी : भाताचा कोंडा, सोयाबीनची पेंड, भाजीचे देठ. मग ॲझोला आणि डकवीड. शेतकऱ्यांना ॲझोला सांगायला नको, गाईला घालतातच. स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यावर काळ्या सैनिक माशीच्या अळ्या वाढवता येतात, त्यांत प्रथिनं भरपूर. एक गोष्ट मात्र विसरायची नाही. माशातलं ओमेगा-३ मासा स्वतः फारसं बनवत नाही, ते मुळात शैवालातून येतं. कोंड्यावर वाढलेल्या चिलापीत ते कमीच असणार, तेव्हा थोडं शैवाल खाद्यात घालावंच लागेल.

मासे नेणार कसे? पिशवीत?

अंडी न्यायची. इफ्रेमेरच्या मंडळींनी निवडलाय युरोपियन सी-बास, दिसायला आपल्या जिताड्याच्या वळणाचा, पण कुळ वेगळं. त्याचं अंडं मोहरीएवढं, फुटायला तीन-एक दिवस लागतात. चंद्राचा प्रवासही जवळपास तेवढाच. त्यांनी फलित अंड्यांना रॉकेट उडताना बसतात तसे हादरे देऊन पाहिले, आणि पिल्लं बाहेर येण्याच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. अंड्यात असताना जीव पुष्कळ सोसतो.

नरांचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून नेता येतं, ते काम रुळलेलं आहे. अंडी मात्र गोठत नाहीत. बलक मोठा असतो, आत बर्फाचे स्फटिक होतात आणि सगळं फाटतं. त्यामुळे काही माद्या कायम जिवंत लागणारच.

रोग आला तर?

सगळं पाणी एकत्र जोडलेलं असेल तर सगळं जाईल. किमान तीन टाकी-संच, तिन्हींचं पाणी वेगळं, जाळीही वेगळी. औषध टाकायची सोय नाही, प्रतिजैविकं आधी गाळणीतले जिवाणू मारतात. पृथ्वीवरून नेताना फक्त अंडी आणि तीही आयोडीनच्या द्रावणात धुऊन नेली, तर बरेचसे रोग इथेच राहतात.

कोळंबी?

जमेल, पण ती एकमेकींना खाते आणि टाकीची सगळी खोली वापरत नाही. पहिल्या दहा वर्षांत नको.

माशांची हाडंही झिजतील का, अंतराळवीरांसारखी?

वजन नसेल तर हो. जपानी टाकीत दोन महिने राहिलेल्या मेडाकांच्या घशातल्या दातांजवळचं हाड विरळ झालं होतं. मुळात ते मासे पाठवले होते माणसाच्या हाडांचा अभ्यास म्हणूनच. खाण्याच्या माशाला सहा महिन्यांत याने काही बिघडणार नाही.

शाकाहारी माणसांनी तिथे काय करायचं?

मेथी खावी. ती मेथी माशाच्या पाण्यावर वाढलेली असेल, आणि पिण्याचं पाणीही त्याच चक्रातून फिरून आलेलं असेल. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग चंद्रभागेचं पाणी तरी कुठून येतं रे?"

भारतात यावर काही चाललंय?

अंतराळात मासे, असं नाही. २०२५ च्या जून-जुलैत आपले अंतराळवीर शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर होते, तेव्हा मेथी-मुगाची बियाणी आणि सूक्ष्म शैवालं यांवर आपले प्रयोग झाले. आधी भाजी आणि शैवाल, मग मासा, हा क्रम मला बरोबरच वाटतो. आठ-दहा माणसांच्या तळावर मासे नेणं ही हौस आहे. शंभराच्या पुढे वस्ती गेली की बोलू. पण ज्याला यात यायचंय त्याने थांबायचं कारण नाही. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, नागपूर-उदगीरलाही आहेत. पाणी फिरवून मासे वाढवायचं शास्त्र सगळीकडे तेच.

तिथल्या माशाला चव असेल का?

चिखलाचा वास येईल, जर घाई केलीत तर. फिरत्या पाण्याच्या टाक्यांत काही जिवाणू जिऑस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, पहिल्या पावसात मातीला येणारा वास त्याचाच. जमिनीवर तो छान वाटतो, ताटात नाही. ते माशाच्या चरबीत बसतं आणि माणसाच्या नाकाला अगदी कणभरही कळतं. उपाय एकच : मारण्याआधी मासा उपाशी ठेवून स्वच्छ, वेगळ्या पाण्यात आठवडाभर सोडायचा. माझे जुने गिऱ्हाईक आधी विचारतात, "धुतलेला आहे ना?" त्यांना खवले धुतलेले म्हणायचं नसतं.

आणि सुकट, बोंबील?

बोंबील नाही, तो खोल टाकीतला मासा नव्हेच. चिलापी सुकवता येईल, चंद्रावर सुकवायला ऊन आणि निर्वात दोन्ही फुकट आहेत. बाहेर ठेवली तर सुकेल. पण ती आत आणून कुणी तव्यावर भाजायला घेतली, तर तोच वास शंभर जणांच्या त्याच हवेत पुढचे कित्येक दिवस फिरत राहील. कोळशाच्या गाळण्या बदलायला लागतील, आणि त्या पृथ्वीवरून येतात.